घसरलेला पाय, कोणाची तरी छत्री आणि माझं लाल कार्ड

शिट्टीवाला (धागालेखक) | रविवार, रात्री ९:५०

शर्टाच्या खिशातली दोन्ही कार्डं पंख्याखाली सुकत ठेवली आहेत. पिवळं वाळलं. लाल मात्र कडेने फुगलंय, आणि आज बाहेर निघालं तेही तेच.

थोडी ओळख देतो. पंधरा वर्षं रग्बी खेळलो, मग गुडघ्याने राजीनामा दिला, गेली सात वर्षं पोरांच्या मॅचना शिट्टी वाजवतो. मुंबईत रग्बी खरी रंगते ती पावसात. क्रिकेटवाले खेळपट्टी झाकून घरी जातात आणि चिखल आमच्या ताब्यात येतो. आज सकाळी दक्षिण मुंबईतल्या एका मैदानावर सोळा वर्षांखालच्या मुलांच्या 'सेव्हन्स' होत्या. म्हणजे प्रत्येक बाजूला सात जण आणि सात-सात मिनिटांचे दोन हाफ.

दुसऱ्या हाफचं तिसरं मिनिट. निळ्यांचा विंगर कडेची रेषा धरून सुसाट निघाला. पिवळ्या जर्सीतला एक उंच पोरगा त्याला आडवा आला तो अगदी ताठ, लोकलच्या दारात उभं राहावं तसा. मी आठ-दहा पावलं मागे. खांदा जबड्यावर बसला त्याचा आवाज अजून कानात आहे. धोब्याने ओली चादर दगडावर एकदाच आपटली तर येईल तसा. निळा पोरगा पडला आणि उठेना. त्याचं दातांवरचं रबरी गार्ड हातभर लांब चिखलात पडलं होतं, त्यावर दातांचे ठसे स्पष्ट.

फिजिओला बोलावलं. पिवळ्याला बाजूला घेतलं आणि लाल दाखवलं. त्यांचे प्रशिक्षक रेषेबाहेरून ओरडत होते, "रेफ, तो घसरला! आधी घसरला तो!" मी मान हलवली आणि वहीत नंबर लिहिला. म्हणजे लिहायचा प्रयत्न केला, कारण वहीचा लगदा झाला होता.

परतीच्या गाडीत कोणीतरी अकरा सेकंदांची क्लिप पाठवली, कंपाउंडच्या भिंतीवरून मोबाइलवर घेतलेली. चर्चगेट ते बोरीवली, मी दुसरं काही केलं नाही. प्रशिक्षक खोटं बोलत नव्हते. धडकेच्या आधी निळ्याचा डावा पाय सटकतो आणि डोकं चांगलं वीतभर खाली येतं. जो खांदा छातीवर बसला असता तो जबड्यावर बसला.

पोरं अल्पवयीन आहेत, म्हणून क्लिप इथे टाकत नाही. जाणकारांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा. अहवाल उद्या रात्रीपर्यंत द्यायचाय. लाल बरोबर होतं, की पिवळं द्यायला हवं होतं?

बोरीवली_फास्ट | रविवार, रात्री १०:०८

रग्बी म्हणजे ती लांबट बॉलवाली मारामारीच ना? जून २०२५ मध्ये अंधेरीच्या क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीग झाली तेव्हा फुकट पास मिळाला म्हणून गेलो होतो. दर दहा सेकंदांनी कोणीतरी कोणालातरी आडवं करत होतं आणि लोक टाळ्या वाजवत होते. त्यात लागलं म्हणून कार्ड देणं म्हणजे पोहताना भिजला म्हणून दंड करण्यासारखं नाही का? खरंच विचारतोय, खवचटपणा थोडासाच आहे.

शिट्टीवाला | रविवार, रात्री १०:३१

@बोरीवली_फास्ट, भिजण्याला दंड नाही, दुसऱ्याचं डोकं पाण्याखाली धरण्याला आहे.

बॉल ज्याच्या हातात आहे त्यालाच टॅकल करायचं, म्हणजे धरून खाली पाडायचं, खांद्याच्या रेषेखाली, आणि हातांनी कवळ घालून. नियम ९.१३ म्हणतो की टॅकल खालून सुरू होऊन वर सरकला तरी खांद्याच्या वर गेला की धोकादायक. हात न लावता नुसता खांदा घुसवायचा नाही. उडी मारून बॉल झेलणारा हवेत असेल तर त्याला हात लावायचा नाही. आणि उचललंत तर नीट खाली ठेवायची जबाबदारी तुमची. डोक्यावर किंवा मानेवर टाकलंत तर संपलं.

पिवळ्या कार्डाला पंधरांच्या खेळात १० मिनिटं बाहेर, सेव्हन्समध्ये २. चौदा मिनिटांच्या मॅचमध्ये दोन मिनिटं सहा जणांनी खेळून बघा, दोन ट्राय (बॉल समोरच्यांच्या रेषेपलीकडे टेकवून मिळवलेले गुण) आरामात बसतात. लाल म्हणजे आजच्यापुरता खेळ खलास.

२०२१ पासून डोक्याला लागलं की रेफने ठरलेल्या क्रमाने विचार करायचा असतो. डोक्याला खरंच लागलं का? लागलं तर त्यात मारणाऱ्याची चूक होती का, की निव्वळ अपघात? चूक असेल तर धोका किती: वेग, थेटपणा, हाताचा झोका, ताठ उभा होता की वाकलेला? आणि शेवटी, सूट द्यावी असं काही घडलं का? समोरचा अचानक खाली आला, दिशा बदलली, मारणाऱ्याला सावरायला वेळच नव्हता, असं काही. सूट मिळाली की लालचं पिवळं होतं, पिवळ्याची नुसती पेनल्टी.

टीव्हीवरच्या सामन्यात हे सगळं सहा कोनांतून बघतात. माझ्याकडे दोन डोळे होते, आणि चष्म्यावर पाणी.

कट्टर_काळा | रविवार, रात्री ११:१५

या विषयावर मला बोलू देऊ नका. तरी बोलतो.

२८ ऑक्टोबर २०२३, पॅरिस, वर्ल्ड कप फायनल. आपल्याकडे रात्रीचा साडेबाराचा सुमार, बायको-पोरं झोपलेली, टीव्हीचा आवाज बंद. न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन दक्षिण आफ्रिकेच्या जेसी क्रिएलला धडकला. आधी पिवळं. मग त्या 'बंकर'मध्ये बसलेल्या माणसाने व्हिडिओ बघून लाल केलं. पुरुषांच्या वर्ल्ड कप फायनलमधलं पहिलं लाल कार्ड आमच्या नशिबी. केन खुर्चीत बसून उरलेली मॅच बघत राहिला. चौदा जणांनी खेळून हरलो ते किती, १२-११. एका गुणाने!

दुसऱ्या हाफमध्ये त्यांच्या कर्णधाराचं, सिया कोलिसीचं डोकं आमच्या आर्डी सावियाच्या डोक्यावर आपटलं. तेही बंकरकडे गेलं. ते मात्र पिवळंच राहिलं. डोकं तेच, मैदान तेच, न्याय दोन.

शिट्टीवाले, तुम्ही त्या पोराचं लाल मागे घ्या. पाय घसरला यात त्याचा काय दोष?

जुना_फुलबॅक | सोमवार, सकाळी ६:४०

कट्टरसाहेब, तुमचं दुःख समजतं, पण न्याय दोन नव्हता. केन सरळ उभा, समोरून आलेला, वाकायचा प्रयत्नही नाही, पहिला स्पर्शच डोक्याला. कोलिसी कमरेत वाकलेला होता आणि धडकेत जोर कमी होता. निदान माझ्या डोळ्यांना तसं दिसलं. परिणाम सारखे दिसले तरी कृती वेगळ्या होत्या.

परिणाम बघायचा की कृती, हा वाद जुना आहे. २०१० च्या दशकात शिरताना आम्ही सगळे 'हेतू' बघणारे होतो. मग २०११ च्या वर्ल्ड कपची सेमीफायनल आली, ऑकलंडला, वेल्स विरुद्ध फ्रान्स. अठराव्या मिनिटाला वेल्सचा कर्णधार सॅम वॉरबर्टनने फ्रान्सच्या व्हिन्सां क्लेर्कला उचललं. क्लेर्क हलका, हवेत आडवा-उभा झाला, आणि वॉरबर्टनने हात सोडले. रेफ अलँ रोलाँने थेट लाल काढलं. वेल्स ९-८ हरलं. आम्ही चार मित्र टीव्हीसमोर रेफच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो: मुद्दाम नाही केलं, पोरगा सज्जन आहे, सेमीफायनल आहे!

रोलाँचं बरोबर होतं हे पटायला मला काही वर्षं लागली. उचललेल्या माणसाला हवेत सोडून दिलं तर तो कुठे पडेल हे कोणाच्याच हातात राहत नाही. सज्जनपणा गुरुत्वाकर्षणाला कळत नाही. आणि त्याच्या सहा वर्षं आधी, २००५ मध्ये, क्राइस्टचर्चला लायन्सच्या (ब्रिटन-आयर्लंडच्या संयुक्त संघाच्या) कर्णधाराचं, ब्रायन ओ'ड्रिस्कॉलचं काय झालं होतं? न्यूझीलंडच्या दोघांनी दोन बाजूंनी उचलून टाकलं. खांदा निखळला, दौरा पहिल्याच कसोटीच्या सुरुवातीला संपला. कार्ड शून्य. पुढे शिक्षाही शून्य. कट्टरसाहेब, तेव्हा एका गुणाचा हिशोब कोणी मांडला नव्हता.

अवांतर: इंग्लंड-स्कॉटलंड ज्या चषकासाठी खेळतात तो 'कलकत्ता कप' आपल्याकडच्या चांदीच्या रुपयांचा आहे. कलकत्त्याचा क्लब बंद पडला तेव्हा बँकेतले रुपये काढून, वितळवून घडवला. खेळ आपल्याकडे रुजला नाही, रुपये मात्र तिकडे रुजले.

कट्टर_काळा | सोमवार, सकाळी ८:०२

२००५ काढणार हे माहीत होतं.

डॉक्टरीणबाई | सोमवार, दुपारी १:२०

ओपीडी संपवून लिहितेय. कार्डाचा रंग ही तुमची बाब. मला आधी निळ्या मुलाबद्दल सांगा. शुद्ध हरपली होती का? उलटी? डोकेदुखी? घरी त्याच्यावर कोणी लक्ष ठेवून आहे ना?

शुद्ध गेली नाही म्हणजे मेंदूला मार लागला नाही असं नसतं. बहुतेक वेळा जात नाहीच. म्हणून मैदानावर विचारायचे काही सोपे प्रश्न ठरलेले आहेत: आज आपण कुठल्या मैदानावर आहोत? आत्ता कुठला हाफ चालू आहे? शेवटचे गुण कोणी केले? मागची मॅच कोणाशी खेळलात? ती जिंकलात का? एकाही उत्तराला अडखळला की बाहेर. शंका असली तरी बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. डोकेदुखी वाढत गेली, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, गुंगी आली, हातापायाला मुंग्या आल्या किंवा बोलणं तुटक झालं, तर सकाळची वाट न बघता इस्पितळ. तुमच्या खेळाच्या जागतिक संघटनेच्या, वर्ल्ड रग्बीच्याच मार्गदर्शनाप्रमाणे हौशी खेळाडूला एकवीस दिवसांच्या आत मॅच नाही. परीक्षा असो, फायनल असो, वा काका कितीही म्हणोत.

आता ज्यावर कोणी बोललं नाही ते. वर्ल्ड रग्बीने व्यावसायिक सामन्यांत डोक्याच्या तपासणीसाठी बाहेर काढलेल्या ६११ प्रसंगांचा अभ्यास केला होता. त्यांतले ४६४ टॅकलमधले. आणि त्या ४६४ पैकी ३३५ वेळा बाहेर गेलेला खेळाडू कोण होता? टॅकल करणारा. ताठ उभं राहून केलेल्या टॅकलमध्ये डोक्याला लागायचा धोका वाकून केलेल्यापेक्षा साधारण दीडपट निघाला. म्हणजे तुमचं लाल कार्ड निळ्याइतकंच त्या पिवळ्या पोरासाठीही आहे. त्याचं स्वतःचं डोकंही त्याच उंचीवर होतं.

इंग्लंडचा स्टीव्ह थॉम्पसन २००३ चा वर्ल्ड कप जिंकला. २०२० मध्ये, चाळिशी नुकतीच ओलांडली असताना, डिमेन्शियाचं निदान झाल्याचं त्याने जाहीर केलं. तो कप जिंकल्याचं त्याला आठवत नाही. मी हे रुग्णांच्या पालकांना सांगते तेव्हा ते विचारतात, मग हेल्मेट घालू का? मऊ टोपीने कान सोलायचे वाचतात. आत मेंदू कवटीवर हलतो तो टोपीने थांबत नाही.

शिट्टीवाला | सोमवार, दुपारी २:०५

डॉक्टरीणबाई, काल फिजिओने पाचही विचारले. मैदान सांगितलं, हाफ चुकला. लगेच बाहेर. रात्री त्याच्या वडिलांना फोन केला, आजही केला. उलटी नाही, डोकं जड आहे, टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवलाय म्हणून चिडलाय. डॉक्टरांना दाखवून झालं. एकवीस दिवसांचं मी त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "गणपतीत नाचला तर चालेल का?" काय सांगू?

डॉक्टरीणबाई | सोमवार, दुपारी २:१०

आरतीला टाळ वाजवू दे. ढोल-ताशासमोर नको.

लालबागचा_गडी | सोमवार, दुपारी ४:३०

मालक, आमी मूळचे कोल्लापूरकडचे, आता लालबागला असतोय. पोरांना तालमीत माती दाखवतोय. रग्बी काय कळत नाय, पण तुमी ज्याला चांगला टॅकल म्हनताय त्याला आमच्यात 'दुहेरी पट' म्हनत्यात. खाली बसायचं, दोन्ही मांड्या कवळायच्या, डोकं बाजूला काढायचं, आन् रेटायचं. त्यात गडी ताठ राहिला तर पट निघतच नाय. वस्ताद पाठीवर काठी ठेवून दावत्यात.

तुमच्या पोराला कुनी वाकायला शिकवलंय का, एवढंच इचारतो. न शिकवता आत सोडला असंल तर ती चूक पोराची न्हवं.

ते उचलून टाकायचं मात्र आमच्यात उलटं. कलाजंग बसला की टाळ्या, फेटा, रोख बक्षीस. पर खाली माती असती, चाळून, तेल-ताक घालून मऊ केलेली. तुमच्या मैदानाखाली काय असतंय?

घोटापकड | सोमवार, संध्याकाळी ५:१२

गडी, शंभर टक्के. प्रभादेवीच्या गल्लीत कबड्डी खेळत मोठा झालो. आमच्यात चढाईपटूचा घोटा धरा, मांडी धरा, कमरेला घाला. मानेला हात गेला की पंचांच्या आधी आपलेच सिनियर कानाखाली काढायचे. पायांची कैची मारून धरणं नियमातच बाद, तोंड दाबून दम तोडणं बाद. कार्डं आमच्यातही आहेत: हिरवं ताकीद, पिवळं दोन मिनिटं, लाल घरी.

पण रग्बीवाल्यांचा खाली वाकण्यातला धोका वेगळा आहे हेही कबूल करू. आमच्याकडे चढाईवाला अर्ध्या मैदानात नाचतो. तुमच्याकडे तो तीस-चाळीस पावलांची धाव घेऊन गुडघे उचलत येतो. त्या गुडघ्यासमोर डोकं घालायचं म्हणजे...

जुना_फुलबॅक | सोमवार, संध्याकाळी ६:००

घोटापकड यांनी दुखरी नस पकडली. फ्रान्सने हौशी खेळात टॅकलची उंची कमरेवर आणली. इंग्लंडने २०२३ च्या हंगामापासून हौशी खेळात छातीच्या मधल्या हाडाखाली. तेव्हा ओरड झाली ती हीच: आता आमची पोरं गुडघ्यांवर डोकी फोडतील. उत्तर नियमात नाही, शिकवण्यात आहे. डोकं त्याच्या मागच्या बाजूला ठेवायचं, कधीच पुढून नाही. आमचे सर म्हणायचे, "गाल त्याच्या खिशाला लाव, पाकीट काढतोयस असं समज." असभ्य वाटेल, पण तीस वर्षांनी तेवढंच लक्षात राहिलंय.

फ्रेम_बाय_फ्रेम | सोमवार, संध्याकाळी ७:२५

व्हिडिओ एडिटिंग पोटापाण्यासाठी करतो. शिट्टीवाल्यांनी व्यनिने क्लिप पाठवली. चारेक तास गेले, मालकाला सांगू नका.

पाय सटकणं आणि धडक यांमध्ये दहा फ्रेम आहेत. मोबाइल सेकंदाला तीस फ्रेम घेतो, म्हणजे साधारण एक तृतीयांश सेकंद. एवढ्यात जगातला कोणीही खाली वाकू शकत नाही. सूट द्यायला कारण आहे, निर्विवाद.

पण पुढे ऐका. पिवळ्याचा डावा हात दिसतो, तो मागे आहे, हवेत. उजवा हात, म्हणजे जो धडकेच्या बाजूला आहे, तो उघडून कवळ घालायला निघालाय की शरीराला चिकटलाय, हे कळलं तर निकाल लागतो. आणि नेमकं त्याच चार फ्रेममध्ये डावीकडून एक छत्री आत येते. काळी, एक काडी मोडलेली. चौथ्या फ्रेमनंतर छत्री जाते तेव्हा दोघंही खाली आहेत.

मी ब्राइटनेस वाढवून, कमी करून, सगळं करून पाहिलं. छत्रीच्या कापडाला एक भोक आहे. भोकातून पिवळी जर्सी दिसते. हात नाही दिसत.

बोरीवली_फास्ट | सोमवार, संध्याकाळी ७:३१

म्हणजे वर्ल्ड कपला बंकर, मुंबईला छत्रीचं भोक. अहो पण हाताने एवढा काय फरक पडतो? सूट आहे म्हणालात ना, मग पिवळं देऊन मोकळे व्हा.

शिट्टीवाला | सोमवार, रात्री ८:१५

फरक सगळा तिथेच पडतो. हात उघडत असेल तर तो टॅकल होता, उंच गेलेला आणि घसरण्यामुळे आणखी उंच ठरलेला. मग सूट लागू, लालचं पिवळं. हात चिकटलेला असेल तर तो टॅकल नव्हताच, खांदा मारणं होतं. ते निळा घसरला नसता तरी बेकायदाच होतं. मुळातच बेकायदा कृतीला सूट नाही. घसरू दे नाहीतर उडू दे.

मी काल काय पाहिलं? मला वाटतं, हात चिकटलेला पाहिला. 'मला वाटतं' हे आज लिहितोय. काल मैदानावर मला खात्री होती. क्लिप चाळीस वेळा पाहिल्यावर माझी आठवण कुठली आणि क्लिप कुठली हेच आता वेगळं करता येत नाही. रेफ लोकांनी मॅचनंतर लगेच, काहीही बघायच्या आधी, लिहून ठेवावं म्हणतात ते याचसाठी. माझी वही भिजली.

रेषेबाहेरची | सोमवार, रात्री ९:०४

नमस्कार. मी इथे एरवी पाककृती विभागात असते. भाचीने लिंक पाठवली. पिवळ्या जर्सीतला मुलगा माझ्या बहिणीचा.

भांडायला आले नाही. थोडं सांगते, मग तुम्ही ठरवा.

तो चार महिन्यांपूर्वीपर्यंत रिले धावायचा. पळतो चांगला म्हणून टीममध्ये घेतला. दातांचं ते रबराचं गार्ड गरम पाण्यात मऊ करून तोंडात बसवावं लागतं ना, ते माझ्या बहिणीने दुधाच्या पातेल्यात उकळलं आणि दोन दिवस चहाला रबराचा वास आला. एवढंच आमचं रग्बीचं ज्ञान. वरच्या पैलवान दादांनी विचारलं, कोणी वाकायला शिकवलं का? मी रविवारी रात्री त्याला विचारलं. म्हणाला, पळायला शिकवलं, बॉल मागे टाकायला शिकवला, टॅकलच्या सरावाच्या दिवशी मैदानात पाणी होतं म्हणून तो सराव झालाच नाही.

आणखी एक. मी मॅचला होते. रेषेबाहेर एक गृहस्थ, कोणाचे वडील की काका ठाऊक नाही, पूर्ण वेळ ओरडत होते: "झोपव त्याला! आडवा कर! सोडू नको!" आमच्या टीमच्याच बाजूचे. मोठ्या माणसाने सांगितलं आणि पंधरा वर्षांच्या मुलाने केलं.

आणि ती छत्री माझी आहे. काडी मोडलेली.

बोरीवली_फास्ट | सोमवार, रात्री ९:०६

😶

फ्रेम_बाय_फ्रेम | सोमवार, रात्री ९:०९

ताई, चार तास.

रेषेबाहेरची | सोमवार, रात्री ९:१४

माफ करा. पाऊस होता.

कट्टर_काळा | सोमवार, रात्री ९:३०

ताई, आता सुनावणी होईल, त्यात काय होतं सांगतो, कारण २०२३ नंतर मी हे पाठ केलंय. आंतरराष्ट्रीय तक्त्यात डोक्याला लागलेल्या धोकादायक टॅकलची शिक्षा मधल्या पायरीपासून सुरू होते, म्हणजे सहा सामने. आधीचा रेकॉर्ड स्वच्छ, चूक मान्य, वागणूक बरी, तर निम्म्यापर्यंत कमी होते. शिवाय मोठ्या खेळाडूंना 'टॅकल शाळा' करायला मिळते, प्रशिक्षकासोबत तंत्र दुरुस्त करायचं, मग आणखी एक सामना सुटतो. पोरांच्या स्पर्धेत समिती आपापलं ठरवते, पण पद्धत अशीच.

आता मोठ्यांच्या खेळात २० मिनिटांचं लाल कार्डही आणलंय. २०२५ च्या सिक्स नेशन्सला (युरोपातल्या सहा देशांच्या स्पर्धेला) होतं. ज्याने केलं तो कायमचा बाहेर, पण वीस मिनिटांनी त्याच्या जागी दुसरा येतो. आयर्लंड आणि फ्रान्सला ते पसंत नव्हतं. मला आहे. केनच्या वेळी असतं तर...

जुना_फुलबॅक | सोमवार, रात्री ९:४१

मला नाही. वीस मिनिटांचं लाल म्हणजे एका डोक्याची किंमत वीस मिनिटं असं टीमला कळतं, आणि टीम हिशोबात हुशार असतात. पण हा वेगळा धागा होईल.

ताईंनी सांगितलेल्या गृहस्थांचं मात्र लिहाच अहवालात. रेषेबाहेरून चिथावणी देणाऱ्याला बाहेर काढायचा अधिकार रेफला आहे. आपण तो वापरत नाही, कारण तो माणूस बहुधा पाण्याच्या बाटल्यांचा खर्च करत असतो.

शिट्टीवाला | सोमवार, रात्री १०:२०

ताई, लिहिलंत ते बरं केलंत. त्या गृहस्थांचा आवाज मलाही येत होता. दोनदा वाटलं, खेळ थांबवून त्यांना कंपाउंडबाहेर पाठवावं. नाही पाठवलं. ते माझ्याकडून राहिलं.

अहवाल पाठवला. लाल ठेवलंय. जे मैदानावर दिसलं त्यावर दिलं आणि ते चुकीचं होतं असं सिद्ध करणारं माझ्या हातात काही नाही. पण खाली तीन गोष्टी लिहिल्या आहेत: निळ्याचा पाय धडकेआधी घसरला (क्लिप सोबत जोडली आहे); टॅकल करणाऱ्याला टॅकलचा एकही सराव न देता उतरवलं असं समजतं, त्याबद्दल त्याच्या टीमला विचारावं; आणि रेषेबाहेरची चिथावणी मी ऐकली व थांबवली नाही. शिक्षा कमीत कमी ठेवावी आणि जी असेल ती सरावाला बांधावी, अशी विनंती केली आहे. समिती मला दोन शब्द सुनावेल, सुनावू दे.

मुलाने निळ्याला फोन केला होता, त्याच्या वडिलांनी सांगितलं. दोघं अर्धा तास कुठल्यातरी गेमबद्दल बोलले म्हणे.

डॉक्टरीणबाई | सोमवार, रात्री १०:२४

मोबाइल बंद ठेवला होता ना?

शिट्टीवाला | सोमवार, रात्री १०:२६

लँडलाइनवर.

लालबागचा_गडी | सोमवार, रात्री १०:४०

ताई, पोराला रविवारी तालमीत पाठवा. फी नाय, काय नाय. तीन-चार रविवारांत गुडघ्यात वाकायचं आन् डोकं बाजूला काढायचं अंगात मुरंल. रेफ साहेब, तुमीबी या, तुमच्या खेळात कुठवर धरलेलं चालतंय ते दावा, न्हायतर मी भलतंच शिकवून बसंन.

घोटापकड | सोमवार, रात्री १०:४४

मीपण येतो. घोटा माझ्याकडे.

रेषेबाहेरची | सोमवार, रात्री १०:५२

दादा, बूट लागतील का? त्याचे खिळ्यांचे बूट अजून ओले आहेत. आणि किती वाजता यायचं?

लालबागचा_गडी | सोमवार, रात्री १०:५५

अनवाणी. सहाला. पावनेसहाला आलात तर हौदा उकरायला एक फावडं जास्तीचं हाय.